विषय: उत्तर: ओट्यावर अ‍ॅसिड, रविवारी साक्षगंध (तातडीचं)

प्रेषक: घाटंजीची वहिनी

नमस्कार,
घाटंजीच्या घरूनच लिहितेय. नळाखालचं पांढरं काढायला कामवाल्या बाईने न्हाणीघरातलं अ‍ॅसिड ओतलं. पांढरं गेलं नाहीच, उलट दीड हात लांबीचा फटफटीत पट्टा उठला. ओटा काळा आहे, पैसे ग्रॅनाईट म्हणून घेतले होते. मिस्त्री म्हणतो दगडच बदला. सोयरे शुक्रवारपासून येणार, बुधवारी आम्ही परत निघणार, मग घर थेट दिवाळीपर्यंत बंद. मागे चिंचेच्या डागावर झालेले मेल सापडत नाहीत. एवढंच सांगा: घासू, की तेल लावून झाकू?

प्रेषक: खजिनदार

वहिनी, व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, दहा मिनिटं ठेवून पुसा. इथे आमच्या क्वार्ट्झच्या ओट्यावर सगळे हेच करतात.
ता. क. हॉलच्या भाड्याची वर्गणी अजून अर्ध्या लोकांची बाकी आहे.

प्रेषक: मोर्शीवाले काका

> व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं

वहिनी, हे करू नका. खजिनदारांचा क्वार्ट्झ म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा आणि बाकी रेझिन, त्याला आंबट काही करत नाही. तुमचा ओटा माझ्या मते कडप्पा आहे. कडप्पा हा चुनखडक. विहिरीच्या जड पाण्याने नळाखाली जो पांढरा थर धरतो तोही कॅल्शियम कार्बोनेट आणि दगडही तेच. थर विरघळवणारं जे काही ओताल ते दगडही खाणार. अ‍ॅसिडने हेच झालं, व्हिनेगरने तेच सावकाश होईल.

आधी खात्री करा. सिंकमागे दिसणार नाही अशा जागी लिंबाच्या रसाचा एक थेंब पाच मिनिटं ठेवा. पुसल्यावर जागा निस्तेज झाली तर कडप्पा. तिथेच चाकूचं टोक ओढा: कडप्प्यावर पांढरी रेघ उठते, ग्रॅनाईटवर उठत नाही. कडप्प्यातल्या कॅल्साइटचा कठीणपणा 3, ग्रॅनाईटमधल्या खनिजांचा बहुतेक 6 ते 7, आणि चाकूचं पोलाद मधे कुठेतरी. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला पांढरा कपडा काळा निघाला तर दगड रंगवलेला आहे, मग गोष्ट वेगळी.

मग पट्ट्यावर नख फिरवा. नखाला उंचवटा लागला तर तो पाण्याचा थर. प्लॅस्टिकचं जुनं कार्ड आडवं धरून, ओला ठेवून, खरवडून काढा. उंचवटा नाही, नुसतं खरखरीत लागतंय आणि ओलं केलं की पट्टा दिसेनासा होतो, तर दगडाची झिलई गेली. ती पुसून येत नाही, घासूनच आणावी लागते. दगड बदलायची गरज मात्र नाही.

प्रेषक: पुलगावची ताई

चिंचेच्या डागाचं सगळं मी सैपाकघराच्या फाईलमध्ये ठेवलंय. ती फाईल मीच सांभाळते आणि कोणी उघडत नाही, असो. काका, एक राहिलं. अ‍ॅसिड सांडलंय म्हणजे सिंक आणि शेगडीही बघायला हवी. त्या वाफेने स्टीलवर तांबूस ठिपके पडतात. लिटरभर पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा घालून सिंक, नळ, शेगडीचे पाय, सांधे धुवा, मग साध्या पाण्याने. आणि बाईला बजावा, अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर कधीच टाकायची नाही. क्लोरीन वायू निघतो, बंद सैपाकघरात जिवावर बेतेल.

भांडी घासायला पऱ्हाट्यांची (कापसाच्या काड्यांची) राख वापरत असाल तर ती मोरीतच. राखेत मातीचे कण असतात. ओट्यावर पसरली की कडप्प्याची चकाकी अशीच जाते आणि नाव मात्र लिंबाचं होतं.

प्रेषक: मोर्शीवाले काका

ताई, बरोबर. आता घासण्याचं.

वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद, नंबर वाढेल तसा बारीक) 400, 600, 800, 1000, 1500, 2000 असे आणा. सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलंत तर खळगे पडतील. दगड सतत ओला हवा. प्रत्येक नंबरला पाच-सात मिनिटं. एक नंबर उभा घासला तर पुढचा आडवा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. नंबर बदलताना घासून निघालेला गाळ पूर्ण धुऊन टाका. जाड कागदाचा एक कण जरी राहिला तरी पुढच्या नंबरात लांब ओरखडा ओढतो. पट्ट्याच्या कडेला थांबू नका, प्रत्येक नंबराला तीन-चार इंच बाहेर जात हात हलका करा, नाहीतर उजेड तिरपा पडला की वाडग्यासारखा खळगा दिसतो. शेवटी टिन ऑक्साईड पावडर (चकाकी आणायची) ओल्या नमद्यावर, म्हणजे जाड लोकरी कापडावर, घेऊन चोळा. तुमचा ओटा मुळात आरशासारखा नसेल तर 800 वर थांबा, उगाच एकच जागा चमकेल.

मिस्त्री मशीन आणत असेल तर उत्तमच, तासाभराचं काम. फक्त तो ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर चोळू लागला तर नको म्हणा. ती विषारी आहे, आणि त्या ओट्यावर तुम्ही कणिक मळणार.

प्रेषक: खजिनदार

मग तेलाचं काय? वहिनींनी तेच विचारलं होतं. खोबरेल लावा की, काळंभोर दिसेल.

प्रेषक: पुलगावची ताई

खोबरेल चार दिवस छान दिसतं, मग चिकट होतं, धूळ धरतं, वास मारतं. जवसाचं तर त्याहून वाईट, ते वाळून पिवळी कातडी होते आणि खरवडावी लागते. अगदीच घासायला वेळ नसेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, कपड्यावर चार थेंब, चोळून कोरडं पुसा. ते खवट होत नाही. रविवार निभेल.

प्रेषक: आर्वीचा भाऊ

काऊन तेल लावता बाप्पा! तेल बसलं का डाग अडवाचा सीलरही मुरत नाही अन् सांध्यात भराचं सिलिकॉनही धरत नाही. आधी नळाचा सांधा पाहा, पाणी तिथूनच मुरत असंल. पांढऱ्या सिमेंटीचा सांधा असंल तर तडकलाच असंल. खरवडून काढा, दिवसभर वाळू द्या, दोन्हीकून टेप लावा, सिलिकॉन भरा, साबणाच्या बोटानं एकदाच ओढा, टेप ओल्यातच काढा. एक दिवस पाणी नाही. पण सिलिकॉन न्यूट्रलच घ्या. व्हिनेगरसारखा वास येते ते घेतलं तर त्यातून निंघणारं अ‍ॅसिड कडप्प्याले डाग पाडते. दुकानदार स्वस्तातलं तेच काढून देते.

प्रेषक: मोर्शीवाले काका

भाऊच्या सिलिकॉनला शंभर टक्के मान्यता. सीलर लावायचा तर सोयरे गेल्यावर, दगड दोन दिवस कोरडा ठेवून. कपड्याने लावा, डब्यावर लिहिलेल्या वेळेत जास्तीचा पुसून घ्या, ओट्यावरच वाळला तर धूसर पापुद्रा राहतो. आणि सीलर तेला-हळदीचा डाग मुरू देत नाही, एवढंच त्याचं काम. लिंबू पडलं तर चट्टा पडणारच. दुकानात कोणी काहीही सांगो.

घर बंद करताना ओटा पूर्ण रिकामा करा. लोखंडी तवा-कढई राहिली तर पावसाळ्यात गंजाचं कडं उमटतं. मिठाची आणि लोणच्याची बरणी तर मुळीच नको: मीठ ओल धरतं, दगडात शिरतं, वाळताना त्याचे खडे होतात आणि कडप्प्याचे पापुद्रे सुटतात. मुख्य व्हॉल्व्ह बंद. नळ थेंब-थेंब गळत राहिला तर दिवाळीला तोच पांढरा थर पुन्हा.

प्रेषक: घाटंजीची वहिनी

लिंबाने जागा निस्तेज झाली, चाकूची रेघही उठली. म्हणजे कडप्पाच. ग्रॅनाईटचे पैसे गेले ते गेले. नखाला काही लागत नाही, तेव्हा घासायलाच घेतोय. इथल्या हार्डवेअरमध्ये 400 आणि 1000 चेच वॉटर पेपर मिळाले. मधले दोन गाळले तर चालेल?

प्रेषक: मोर्शीवाले काका

नाही चालणार. 400 चे ओरखडे 1000 ने जात नाहीत, चकाकी आली की उलट ठळक दिसतात. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडे विचारा, 600 आणि 800 त्याच्याकडे असतातच. तोवर 400 सुद्धा सुरू करू नका.