आधी ॲम्पच्या पाठीचा फोटो टाका

ए-३०४ : नमस्कार सोसायटीकर मंडळी. चिरंजीवांना गणपतीच्या आत गिटारसाठी मल्टी-इफेक्ट्स पेडल (गिटारच्या आवाजावर वेगवेगळे परिणाम करणारं, पायाने चालवायचं यंत्र) हवंय. दुकानदार झूम जी१एक्स फोर दाखवतो, क्लासचे सर बॉस जीटी-१ म्हणतात. ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी) घरचाच ठेवायचाय. कोणतं घेऊ?

बी-१०२ : ताई, पेडलचं नंतर बघू. आधी ॲम्पच्या मागच्या बाजूचा फोटो टाका. पुढचा नको.

ए-३०४ : (फोटो) फेंडर फ्रंटमन १०जी. मागे काहीच नाही. पुढे इनपुट, ऑक्स आणि हेडफोन.

बी-१०२ : म्हणजे इफेक्ट्स लूप नाही. ॲम्पच्या पोटात दोन खोल्या समजा. पहिलीत (प्रीॲम्प) सूर घडतो, दुसरीत (पॉवर ॲम्प) मोठा होतो. लूप म्हणजे मधलं दार, त्यावर सेंड आणि रिटर्न लिहिलेलं असतं. मल्टी-इफेक्ट्समध्येही स्वतःचा नकली प्रीॲम्प असतो. दार नसलं की त्याचा आवाज तुमच्या खऱ्या प्रीॲम्पमध्येच शिरणार. एकावर एक दोन प्रीॲम्प झाले की आवाज फाटतो नाहीतर घुमतो.

ए-३०४ : म्हणजे घेऊच नको?

बी-१०२ : घ्या की. ॲम्पचं ओव्हरड्राइव्हचं (आवाज खरखरीत करणारं) बटण बंद, गेन (आत शिरणाऱ्या आवाजाचा जोर) कमी, ट्रेबल-बास मध्यावर. डिस्टॉर्शन (फाटका आवाज), डिले (मागून येणारा पडसाद), रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखी घुमारी) सगळं पेडलमधून. पेडलमधलं ॲम्प मॉडेल बंद, आणि कॅब सिम तर नक्कीच बंद.

सी-६०१ : कॅब सिमवर जरा थांबतो, कारण नव्वद टक्के तक्रारी तिथल्याच. कॅब सिम म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वर स्वतःच उतरत जातो. त्यावर पेडलनेही तेच केलं की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. मग मुलं ट्रेबल वाढवत बसतात.
उलट मिक्सरमध्ये किंवा हेडफोनवर कॅब सिम बंद राहिलं, तर बाटलीत माशी अडकल्यासारखं डिस्टॉर्शन ऐकू येतं.
ॲम्पसाठी बंद, मिक्सर-हेडफोनसाठी चालू. एकच पॅच (पेडलमध्ये साठवलेली सेटिंग) दोन नावांनी सेव्ह करून ठेवावा. जीटी-१ मध्ये आउटपुट सिलेक्ट असतं, तिथे लाइन/फोन्स सोडून ॲम्पचा पर्याय घ्यायचा. दुकानात बहुतेक वेळा तो बदललेला नसतो, म्हणून तिथे पेडल वाईट वाटतं.

डी-२०५ : क्लब हाउसमध्ये हा १० वॅटचा ॲम्प पुरेल का?

सी-६०१ : ढोल-ताशाच्या बाजूला? 😄 पेडलमधून सरळ मिक्सरला. इथे एक खोच आहे. झूमला ॲम्प आणि हेडफोन यांचं एकच स्टिरिओ भोक. त्यात स्टिरिओ पिनची केबल घालून दुसरं टोक मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावलं, तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं गायब, उरतो फक्त रिव्हर्बचा फुफाटा. साउंडवाला म्हणतो "पेडल खराब". पिनवर एकच काळी रेघ असलेली साधी मोनो केबल वापरायची.
जीटी-१ ला डावा/मोनो वेगळा आणि हेडफोन वेगळा. फक्त मोनोच्या भोकात केबल लावली की काम झालं. मिक्सर ६ मीटरच्या पलीकडे असेल तर साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (लांब केबलसाठी सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) मागा.

ए-७०३ : रात्री दहानंतर कुणी वाजवलं तर मी चेअरमनना टॅग करणार.

बी-१०२ : काका, हेडफोन आहे ना. आणि नियम तुमच्याच बाजूचा : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५.

डी-२०५ : नवरात्रीत गरब्याच्या स्टेजवर गिटारमधून घुंऽऽ येतं, ते पेडलमुळे का?

बी-१०२ : बहुतेक विजेमुळे. ॲम्प, मिक्सर, पेडल वेगवेगळ्या सॉकेटवर असले की अर्थिंगचं वेटोळं होतं आणि ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट येतो. सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. लाइटच्या डिमरपासून दूर उभं राहा. सिंगल कॉइल पिकअपची (तारांखाली एकेरी वेटोळ्याचं चुंबक असलेली) गिटार तर तो आवाज हमखास पकडते. ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन कापू नका, जीव जातो. पेडल चार एए सेलवर चालवून बघा. घुंऽऽ थांबलं तर दोष ॲडॉप्टरच्या वाटेवर. ही दोन्ही पेडल सेलवर चालतात.

सी-६०१ : ॲडॉप्टरवरून. दोघांनाही ९ व्होल्ट, मधली पिन ऋण. वायफाय राउटरचा बहुधा १२ व्होल्ट, मधली पिन धन. पिन आत बसते म्हणून लावायचा नाही.

ए-३०४ : उद्या मोठा ॲम्प घेतला तर हे पेडल वाया जाईल?

सी-६०१ : लूप असलेला घेतलात, समजा बॉस कटाना १००, तर पेडल गिटार आणि ॲम्पच्या मध्ये तसंच चालेल. पण चार केबलची जोडणी (काही इफेक्ट्स ॲम्पच्या पुढे, काही लूपमध्ये) हवी असेल तर पेडललाही सेंड-रिटर्न लागतात, ते या दोघांनाही नाहीत. वॅलेटॉन जीपी-२०० किंवा लाइन ६ एचएक्स स्टॉम्पला आहेत. क्रम असा : गिटार ते पेडल इनपुट, पेडल सेंड ते ॲम्प इनपुट, ॲम्प सेंड ते पेडल रिटर्न, पेडल आउटपुट ते ॲम्प रिटर्न. ओव्हरड्राइव्ह पुढे, डिले-रिव्हर्ब लूपमध्ये. खरं तर कटानामध्ये इफेक्ट्स आधीच भरपूर आहेत. तेव्हा वेगळ्या पेडलची गरज आहे का, ते आधी विचारा.

ए-३०४ : आणि आत्ता?

बी-१०२ : आत्ता दोघांपैकी कुठलंही. झूममध्ये ड्रमचे ठेके आहेत, घरच्या सरावाला ते बरे. स्टेजवर जास्त जायचं असेल तर जीटी-१, वेगळ्या भोकांसाठी. दुकानात स्वतःची गिटार आणि हाच ॲम्प घेऊन जा, १० वॅटचा आहे, स्कूटरवर मावतो. फॅक्टरी पॅच ऐकून ठरवू नका, रिव्हर्बने भिजलेले असतात. पेडल बायपास करून (इफेक्ट बंद) आणि चालू करून, दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी येते का ते बघा.

ए-३०४ : डिले किती ठेवायचा, चिरंजीव विचारतात.

सी-६०१ : ६०,००० भागिले लय (मिनिटाला किती ठोके). १२० ला ५०० मिलिसेकंद, ठेक्याला लटकवायचा असेल तर त्याचा पाऊण, ३७५. लय ढोलवाल्यांना विचारून घ्या, ते वाढवत नेतात.