जामीन मंजूर, तरी सुटका नाही

गरीब आरोपी आणि तुरुंग यांचं दुष्टचक्र वकील न मिळाल्यामुळे फिरतं, असं अनेकदा मांडलं जातं. ते मला अर्धंच पटतं. वकील मिळून जामीन मंजूर झाला तरी ठाणे किंवा तळोजा कारागृहातून माणूस बाहेर येत नाही, कारण खरी अडचण जामीनदाराची. त्याला रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा, पगारपत्रक आणि अनेकदा ऐपतीचा दाखला लागतो. ठाण्याजवळच्या मुंब्रा-दिव्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा आरोपी आत अडकला की त्याची मजुरी थांबते, भाडं थकतं, खोली जाते. खोली गेली की पत्ताच उरत नाही, आणि मग त्याच्यासाठी उभं राहायला ओळखीचेही कचरतात. कंटाळून छोट्या गुन्ह्यात कबुली दिली, तर पुढच्या वेळी आणखी वाईट: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम 479 मध्ये कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर सुटण्याची सवलत फक्त आधी दोषी न ठरलेल्यांना आहे.

यावरचा एक मार्ग असा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार, जामीन मिळूनही 7 दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) कळवायचं असतं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय जामिनाची अट स्वतःहून शिथिल करण्याचा विचार करू शकतं. नातेवाइकांनी वाट पाहू नये. आठव्या दिवशी जामीन आदेशाची प्रत घेऊन प्राधिकरणात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सुटकेची मागणी त्यातच स्पष्ट लिहावी.