मदत हवी आहे: सेफ्टी वायरच्या सरावासाठी मऊ स्टेनलेस तार सांगलीत कुठे मिळेल?

विमान देखभालीचा कोर्स करतोय, सुट्टीत सांगलीला घरी आलोय. जेट इंजिनाचे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून जी सेफ्टी वायर बांधतात, तिचा सराव घरच्या व्हाइसवर (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्यावर) चालू आहे. पीळ इंचाला ६ ते ८ हवेत, तेवढे बसतात. पण दुसऱ्या बोल्टाच्या भोकाशी तार तुटते. तुटल्या जागी पकडीच्या जबड्याचा ओरखडा स्पष्ट दिसतो. दुकानात मिळालेली स्टेनलेस तार स्प्रिंगसारखी कडक आहे. बांधकामाची तार वापरून पाहिली, पण तिच्यावर खरा हात बसत नाही. हवी ती ०.०३२ इंची, म्हणजे साधारण ०.८ मिमी, ॲनील केलेली (तापवून मऊ केलेली) ३०४ प्रकारची स्टेनलेस. पाव किलोही पुरे. बाहेरून मागवायला वेळ नाही, प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात आहे. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत अशी सुटी तार कोण देईल? आणि जबड्याच्या कडा घासून बोथट कराव्यात, की मीच तार चुकीच्या जागी धरतोय?