चर्चा : ‘घरीच थांबा’ म्हणताना कुणाचं घर डोळ्यांसमोर होतं?

काठावरची :
साथ ओसरली, पण एक प्रश्न माझ्या मनातून हलत नाही, म्हणून हा धागा. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत शहराशहरांतल्या म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट सांगण्यात आली : घरीच थांबा. काही देशांत नुसत्या सल्ल्यावर भागलं नाही. तुर्कस्तानने मार्चमध्येच पासष्टीच्या पुढच्यांना घराबाहेर पडायला बंदी केली. त्यांना पुन्हा पाय मोकळे करता आले ते १० मे रोजी, तेही चार तास.

ज्यांच्याकडे वेगळी खोली, स्वतःचं न्हाणीघर आणि उघडणारी खिडकी होती, त्यांना अशा बंदीने वाचवलं असेल. गरीब म्हाताऱ्यांना वाचवलं असं मला वाटत नाही. एका खोलीत पाच-सहा जण, संडास साऱ्या मजल्याचा मिळून एक, आणि मुलगा-सून सफाईला, पहाऱ्याला, सामान पोचवायला रोज बाहेर. विषाणू जास्त पसरतो तो बंद, कोंदट जागेत. म्हणजे आपण त्या माणसाला मोकळ्या हवेतून उठवलं आणि लागण होण्याची शक्यता जिथे जास्त, तिथेच नेऊन बसवलं.

सरळमार्गी :
तळमळ कळते, मांडणी पटत नाही. मार्च २०२० मध्ये लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं, हवेतून किती पसरतो यावर तज्ज्ञांचंही एकमत नव्हतं. उत्तर इटलीत रुग्णालयांत जागा उरली नव्हती. एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसत होती : वय वाढतं तसा मृत्यूचा धोका चढत जातो आणि ऐंशीच्या पुढे तो तरुणांच्या कैक पट असतो. अशा वेळी प्रशासनाने घरोघर खिडक्या मोजत बसायचं होतं का? आणीबाणीतला नियम एका ओळीत सांगता आला पाहिजे, नाहीतर तो कुणी पाळत नाही.

शिवाय वय बघून नियम नको म्हणता, तर लसही वय बघूनच आधी दिली ना? ८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये फायझरची लस चाचणीबाहेर घेणाऱ्या जगातल्या पहिल्या व्यक्ती, मार्गारेट कीनन, नव्वद वर्षांच्या होत्या. तेव्हा भेदभावाची तक्रार कुणी केल्याचं आठवत नाही.

काठावरची :
वय बघून देणं आणि वय बघून काढून घेणं या दोन गोष्टी एक नाहीत. लस आधी दिली म्हणून कुणाची मजुरी बुडाली नाही. बंदीने बुडाली. शहरात सत्तरीतही काम करणारी माणसं असतात, कारण त्यांना निवृत्तिवेतन नसतं. त्यांना ‘घरी बसा’ म्हणायचं आणि महिन्याचं काय, याचं उत्तर द्यायचं नाही? कोलंबियात सत्तरीच्या पुढच्यांवर इतरांपेक्षा कडक निर्बंध आले, तेव्हा तिथली ज्येष्ठ मंडळी न्यायालयात गेली. लोक त्याला ‘पांढऱ्या केसांचं बंड’ म्हणाले आणि जुलै २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. स्वतःची काळजी स्वतः घेण्याचा हक्क आम्हालाही आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

निवृत्त परिचारिका :
तुम्ही दोघंही विषाणूभोवतीच फिरताय. मी साथीच्या काळात वॉर्डात होते, म्हणून जरा वेगळं सांगते.

म्हाताऱ्या माणसात आजार पुस्तकातल्यासारखा येत नाही. कित्येकांना ताप नव्हता, खोकला नव्हता. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो, जेवण सोडतो, चालता चालता पडतो, दिवसभर झोपून राहतो. हीच लक्षणं. ही ओळखायला रोज बघणारं माणूस लागतं. ‘कालपर्यंत बाबा असे नव्हते’ असं कुणीतरी म्हणावं लागतं. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला ते कोण म्हणणार? रक्तातला ऑक्सिजन उतरला तरी दम लागल्याचं काहींना जाणवत नव्हतं. मापक बोटाला लावलं तरच कळायचं. ते मापक किती गरीब घरांत होतं?

दुसरं, ज्यांना कोविड झालाच नाही त्यांचं. बाह्यरुग्ण विभाग बंद किंवा अर्धेमुर्धे चालू. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या संपल्या, त्या मिळायच्या सरकारी दवाखान्यात आणि तिथवर जायला वाहन नाही. मग पक्षाघात, मग पायाची जखम चिघळलेली. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे पायाचे स्नायू आठवडा-दहा दिवसांतच उतरायला लागतात. गेलेली ताकद तरुणासारखी परत येत नाही.

मास्कचंही सांगते. मास्क हवाच होता, पण कमी ऐकू येणाऱ्यांना समोरच्याचे ओठ दिसेनासे झाले. आम्ही काय विचारतोय ते कळायचं नाही आणि लोक नोंदवायचे ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. ते वाक्य वाचलं की अजून पोटात तुटतं.

थोरला :
मी वडिलांना बाहेर जाऊ दिलं नाही. दोन खोल्या, आम्ही पाच जण. आतली खोली त्यांना दिली आणि ताट उंबरठ्यावर ठेवायचो. ते साथीतून वाचले. म्हणून मी सरळमार्गींच्या बाजूचा आहे, आजही तेच करीन.

पण ते रोज सकाळी चौकातल्या बाकावर जायचे, चार मित्रांबरोबर बसायचे. सगळं उघडल्यावर मी म्हटलं, चला, जाऊ. म्हणाले, आता कोण आहे तिथे? चारांतले दोघं गेले होते. एकाला मुलाने आपल्याकडे नेलं. एकाचं काय झालं ते आम्हाला कळलंच नाही. त्यानंतर वडील बाकापर्यंत कधी गेले नाहीत. मी चुकलो असं मला वाटत नाही, तरी मन खातं.

सरळमार्गी :
थोरला, तुमच्या लिहिण्याने मी थांबलो. परिचारिकाताईंचं गोळ्यांबद्दलचं म्हणणंही पूर्ण मान्य. बंदी घालणाऱ्याने दारात औषध पोचवायलाच हवं होतं. पण यातून बंदी चूक ठरत नाही, ती अर्धवट राबवली एवढंच ठरतं. आता फोन घरोघर आहेत. पुढच्या वेळी प्रत्येक एकट्या ज्येष्ठाला रोज एक फोन आणि डॉक्टरांची भेटही फोनवरच. स्वस्त आणि सुरक्षित.

निवृत्त परिचारिका :
ज्यांच्याकडे साधा फोन, तोही नातवाच्या हातात, ज्यांना अक्षर दिसत नाही, ऐकू येत नाही, ते यातून पुन्हा सुटतील. लसीच्या वेळी जिथे जिथे नोंदणी इंटरनेटवर ठेवली, तिथे वयाने पहिला असलेला माणूस रांगेत शेवटी गेला, कारण नोंदणी करून देणारं कुणी नव्हतं. फोन हवाच, पण फोन उचलला नाही तर दार ठोठावणारं माणूस नेमलेलं असायला हवं.

काठावरची :
दार ठोठावण्यावरून आठवलं. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत एकटे राहणारे गरीब म्हातारे फार. नंतरच्या अभ्यासात शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना झाली. एकीत मृत्यू बरेच जास्त, दुसरीत कमी. दुसरीत रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती आणि न दिसलेल्याची चौकशी होत होती.

आता थोरल्यांच्या वडिलांचा तो बाक बघा. गरीब म्हाताऱ्याचा दिवाणखाना घराबाहेर असतो : बाक, वाचनालय, देवळाची किंवा मशिदीची पायरी. साथीत आपण नेमक्या या जागा आधी बंद केल्या. अंतर ठेवून, मास्क लावून, ठरावीक वेळी का होईना, उघडी हवा त्यांना सर्वांत आधी परत द्यायला हवी होती. तुर्कस्तानने दिलेले ते चार तास पहिल्या आठवड्यापासूनच का देता आले नसते?

सरळमार्गी :
उघड्या हवेत धोका कमी असतो ही माहिती हाती आल्यावर, हो. पहिल्या आठवड्यात मी तरीही नाही म्हणेन, कारण तेव्हा चूक झाली असती तर ती दुरुस्त करता आली नसती. पण एकट्या राहणाऱ्यांची यादी साथ नसतानाच तयार हवी, हे मला पटतं. फक्त ती कुणाच्या हातात ठेवायची? एकट्या म्हाताऱ्यांची यादी चोराच्या हाती पडली तर काय, याचंही उत्तर द्या.

निवृत्त परिचारिका :
दवाखान्याच्या हातात. गोळ्या नेणाऱ्यांची नोंद तिथे आधीपासूनच असते. जो महिन्याच्या ठरलेल्या दिवशी आला नाही, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कुणीतरी जायचं.