केमो वॉर्डातच भरतो, मास्क-ग्लोव्हज पुरेत का?

स्टाफनर्स_विदर्भ:
डे-केअर केमोला नुकतीच बदली झाली. वेगळी खोली नाही, ट्रॉलीवर पंख्याखालीच औषधं लोड करतो. साधे ग्लोव्हज, सर्जिकल मास्क. इन्चार्ज मॅडम म्हणतात, "इतकी वर्षं करतोय, कुणाला काय झालं?" मला तिसरा महिना चालू आहे, इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही. काय करू?

ऑन्को_सिस्टर:
आधी सांगून टाका गं, आणि लेखी. औषध भरणं, सांडलेलं पुसणं यातून नाव काढून घ्या. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. मॅडमना सांगा, फिनलंडमध्ये 1979 सालीच केमो देणाऱ्या नर्सेसच्या लघवीत याचा परिणाम दिसला होता. "काही झालं नाही" म्हणजे कुणी तपासलं नाही.

बाकीच्यांसाठी: पंखा आधी बंद. सर्जिकल मास्कने औषधाचा फवारा अडत नाही, एन-95 ने अडतो, पण वाफ त्यानेही नाही. म्हणून खरी गरज बायोसेफ्टी कॅबिनेटची, म्हणजे औषधाची हवा बाहेर येऊ न देणाऱ्या बंदिस्त कपाटाची. आडव्या हवेचा लॅमिनार फ्लो (गाळलेली हवा समोर सोडणारं टेबल) दाखवून कुणी समजूत काढली तर ऐकू नका, तो सगळं तुमच्याच तोंडावर फेकतो. ग्लोव्हज केमोसाठी तपासलेले नायट्राइलचे, दोन जोड.

एन्डॉक्सानसारख्या केमोच्या पावडरच्या व्हायलमध्ये (औषधाच्या बाटलीत) सलाइन एकदम ढकललं की आत दाब वाढतो आणि सुई काढताना बारीक फवारा उडतो. डोळ्याला दिसतही नाही. थोडं सलाइन सोडा, तेवढीच हवा सिरिंजमध्ये परत घ्या. सिरिंज लुअर लॉकचीच, म्हणजे सुई फिरवून घट्ट बसणारी. आणि सलाइनचा सेट (नळी) साध्या सलाइनने आधीच भरून ठेवा, औषध नंतर. नाहीतर हवा काढताना किडनी ट्रेत जे टपटपतं ते औषधच असतं.

फार्मसीवाला:
सांडलं तर स्पिरिटने पुसू नका, औषध मरत नाही, पसरतं. टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्याने. रिकामी व्हायल काचेची म्हणून निळ्या डब्यात जाते, तेही चूक. पिवळ्यात, सायटोटॉक्सिकचं (पेशींना घातक) लेबल लावून.

स्टाफनर्स_विदर्भ:
धन्यवाद ताई, दादा. उद्याच अर्ज देते. बेडपॅन उचलणाऱ्या मावशींचं काय? त्या तर उघड्या हातांनी उचलतात.

ऑन्को_सिस्टर:
त्यांना कुणी सांगतच नाही. केमोनंतर 48 तास पेशंटची लघवी, उलटी, चादर सगळं ग्लोव्हज घालूनच. फ्लश करताना झाकण बंद. अर्जात मावशींच्या ग्लोव्हजची मागणीही लिहा, स्टोअरवाले तोंडी मागितलं तर देत नाहीत.