उंदीर मेला नाही, एवढंच कळलं

वर दादांनी लिहिलंय की 2000 मिग्रॅ प्रति किलो देऊनही एकही उंदीर दगावला नाही, म्हणजे तरवडाचा (पिवळ्या फुलांचं औषधी झुडूप) अर्क निर्धोक. जरा थांबा. ओईसीडी 423 मध्ये (एका डोसची विषारीपणाची आंतरराष्ट्रीय चाचणी-पद्धत) डोस एकदाच देतात, एका टप्प्याला तीन जनावरं (सहसा माद्याच), मग 14 दिवस नुसतं बघायचं. रोज घेतल्यावर यकृताचं काय होतं ते त्यात दिसत नाही. त्याला 28 किंवा 90 दिवसांची चाचणी लागते, रक्तातलं एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचे काप.

अर्क कशात काढला तेही सांगा. आजी फुलं पाण्यात उकळते, आपण अल्कोहोल घालून सॉक्सलेट (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावतो. दोन्हींत उतरतं ते सारखं नसतं.

आणि आपला सोलापूरचा मे! एम.फार्म.ला असताना लाइट गेली, एसी बंद, जनरेटरमध्ये डिझेल नाही. उंदरांची खोली 22 अंशांच्या आसपास हवी, आमची 36 वर. उंदरं भुशावर पोट टेकून पसरलेली, बाटल्या कोरड्या. वजनं घटली ती अर्कानं की उकाड्यानं? कंट्रोल गटाचीही (ज्यांना अर्क दिलाच नव्हता) घटली होती, म्हणून कळलं. सरांनी अख्खी बॅच रद्द केली. तुमच्या कंट्रोलची वजनं टाका ना इथे.