स्क्रॅपबुक: पान भडक दिसतंय, रंग कसे निवडू?

प्रश्न: १२ × १२ इंचाच्या पानावर ५ फोटो मांडलेत. प्रत्येकात कपड्यांचे रंग वेगळे. मागे कोणता कागद घ्यावा?

कात्रीवाली: आधी फोटो कमी करा. एक मोठा, ५ × ७ इंचाचा, सोबत दोन छोटे, बास. रंग मोठ्या फोटोतूनच उचला, पण त्यातल्या बारीकशा गोष्टीचा: टोपीची किनार, फुग्याची दोरी. लाल झग्यामागे लाल कागद लावला की झगाच हरवतो. साधारण ६०% फिका रंग, ३०% दुसरा, १०% उठावदार.

कागदवेडा: छोटे दोन्ही कृष्णधवल छापून घ्या, निम्मं भांडण तिथंच मिटतं. पिवळ्या दिव्याखालचा फोटो मात्र पांढऱ्याशुभ्र कागदावर आणखीच पिवळा दिसतो. त्यामागे मोतिया रंगाचा कागद द्या.

कात्रीवाली: हो, आणि चिकटवण्याआधी सगळं नुसतं मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात फोटोंच्या कडा मागच्या कागदात मिसळलेल्या दिसल्या, तर फोटोखाली पांढरं कार्ड घालून चहूबाजूंनी ३ मिलिमीटर पट्टी दिसू द्या. कागद आणि गोंद आम्लमुक्तच घ्या. साध्या कागदातल्या आम्लानं काही वर्षांत फोटो पिवळे पडतात, मग रंगसंगती कितीही साधलेली असो.